फुकट देतेत, मग खातेत काय?

बी. ए. तृतीय वर्ष (अर्थशास्त्र)

‘फुकट ते पौष्टिक’ असे आपण थट्टेने म्हणतो. लग्नातल्या जेवणापासून दुकानातल्या दिनदर्शिकेपर्यंत जे जे फुकट मिळेल ते घ्यावे, त्याचा विचार नंतर करावा, हा आपला सर्वांचाच स्वभाव. मीही त्याला अपवाद नाही. परंतु फुकट वस्तू देणारा ती का देतो, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो वर्गात नव्हे, तर माझ्या चुलतभावाच्या सेवा केंद्रात. तोही मला स्वतःला पडला नाही, त्याने विचारला म्हणून पडला.

आमचे गाव लोहारा तालुक्यात. गावच्या चौकात दादाचे एक छोटे सेवा केंद्र आहे. एक संगणक, एक छपाईयंत्र, एक बाकडे आणि बाहेर पत्र्याची सावली. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचे अर्ज, पीक विमा अशी सर्व कामे तेथे चालतात. सुट्टीत गावी गेले की मीही तेथे बसते. दादाच्या संगणकावर एक अँटिव्हायरस होता, तो फुकट मिळालेला. कोपऱ्यात त्याचे चिन्ह दिसे आणि दिवसातून दोन-चार वेळा एक चौकट उघडून म्हणे की, तुमचा संगणक पूर्ण सुरक्षित नाही, अमुक रुपये भरा म्हणजे होईल. दादा ती चौकट माशी हाकलावी तशी बंद करी. एकदा वैतागून तो म्हणाला, “तू अर्थशास्त्र शिकायलीस ना? मग सांग बरं, ही माणसं फुकट देतेत, मग खातेत काय?”

मला उत्तर देता आले नाही. “जाहिरात असेल,” असे काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. त्या प्रश्नाची किंमत पुढे आम्हाला मोजावी लागली, म्हणून हा लेख.

त्या जुलैत काय घडले

२०२३ चा खरीप आपल्या सर्वांच्या लक्षात असेल. राज्य शासनाने त्या वर्षी एक रुपयात पीक विमा आणला आणि सेवा केंद्रांवर रांगा लागल्या. अर्जाची मुदत ३१ जुलैची. दिवसा संकेतस्थळ मुंगीच्या पावलाने चालायचे. म्हणून दादा लोकांचे सातबारा, आधार आणि बँकेचे पासबुक दिवसा यंत्रावर उतरवून ठेवी आणि रात्री बसून अर्ज भरी.

महिना संपायला चार दिवस असताना कोणाच्या तरी पेनड्राइव्हमधून काही आले. फोल्डर उघडेनात. दादा घाबरला. पैसे भरून पूर्ण आवृत्ती घ्यावी, तर ऐन हंगामात खर्च नको. तेवढ्यात ओळखीच्या एकाने त्याला तीच सशुल्क आवृत्ती कुलूप तोडून, म्हणजे आपल्या भाषेत ‘क्रॅक’ करून दिली. ती चालू होण्यासाठी आधीचा फुकटचा अँटिव्हायरस बंद करावा लागेल, असे त्यात लिहिले होते. दादाने तो बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व कागदपत्रांची नावे बदललेली होती, एकही उघडत नव्हते आणि पडद्यावर इंग्रजीत खंडणीची मागणी होती, तीही डॉलरमध्ये.

खंडणी भरण्याचा प्रश्नच नव्हता. संगणक पुसून काढावा लागला. साठएक शेतकऱ्यांचे कागद गेले. मग आम्ही घरोघर फिरून, फोन करून माणसे पुन्हा बोलावली. मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढली म्हणून बहुतेकांचे अर्ज भरून झाले. एक राहिला. आमच्या भावकीतल्या एक आत्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी सोलापुरास गेल्या होत्या. त्यांचा फोन लागला नाही आणि त्यांचे कागद आमच्यापाशी उरले नव्हते. ‘दादाकडे दिलेत म्हणजे झालेच’ अशा विश्वासाने त्या गेल्या होत्या.

पुढे ऑगस्ट कोरडा गेला, हे आपण जाणताच. शासनाने त्या ऑक्टोबरात जे चाळीस तालुके दुष्काळी म्हणून जाहीर केले, त्यांत आपल्या जिल्ह्यातील वाशी, धाराशिव आणि लोहारा हे तीन तालुके होते. आत्यांचे दोन एकर सोयाबीन त्या वर्षी विम्याविना वाळले.

तेव्हापासून दादाचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. जे वाचले, जे प्राध्यापकांना विचारले आणि जे दादाच्या दुकानात बसून उमगले, ते येथे क्रमाने मांडते.

रोग आणि औषध

संगणकविषाणू हा जिवंत नसतो. तोही एक आज्ञावलीच असते. फक्त ती दुसऱ्याच्या आज्ञावलीत किंवा चकतीत शिरून स्वतःच्या प्रती काढते आणि जमल्यास नासधूसही करते. घरगुती संगणकांवर पसरलेला पहिला प्रसिद्ध विषाणू ‘ब्रेन’ हा १९८६ चा. तो लाहोर येथील दोन भावांनी लिहिला होता. आपल्या आज्ञावलीची चोरटी प्रत कोण काढतो हे कळावे, असा त्यांचा हेतू होता असे ते सांगत. त्यांनी विषाणूतच आपले नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवला होता! आजच्या खंडणीखोरांपुढे हा प्रकार भाबडाच म्हणावा लागेल.

रोग आला की वैद्य येतोच. १९८८ साली प्राग शहरात पावेल बाउडिश यांना ‘व्हिएन्ना’ नावाचा विषाणू सापडला. तो काढण्यासाठी त्यांनी एक आज्ञावली लिहिली आणि एदुआर्द कुचेरा यांच्या साथीने जो उद्योग सुरू केला त्यातून पुढे ‘अव्हास्ट’ झाले. अमेरिकेत जॉन मॅकॅफी यांनी १९८७ साली आपली कंपनी काढली.

आणि आपल्याकडे? या व्यवसायातले एक मोठे भारतीय नाव मराठी आहे, याचा मला अभिमान वाटतो. कैलाश काटकर हे मूळचे सातारा जिल्ह्यातले. दहावीनंतर शिक्षण सोडून त्यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम धरले आणि पुढे स्वतःचे दुकान टाकले. धाकटे बंधू संजय यांना मात्र त्यांनी संगणकशास्त्र शिकवले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत विषाणू सापडू लागले. संजय एकेका विषाणूवर उतारा लिहीत गेले आणि त्या उताऱ्यांची मोळी बांधून १९९५ च्या सुमारास ‘क्विक हील’ बाजारात आले. १९९३ साली ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ या नावाने सुरू झालेली कंपनी २००७ मध्ये ‘क्विक हील टेक्नॉलॉजीज’ झाली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये शेअर बाजारात उतरली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या गावात डॉक्टर एकदा औषध देतो आणि आपण बरे होतो. अँटिव्हायरसचे तसे नाही. जर्मनीतील ‘एव्ही-टेस्ट’ या संस्थेच्या मोजणीनुसार रोज साडेचार लाखांहून अधिक नव्या घातक किंवा नकोशा आज्ञावली नोंदल्या जातात. म्हणजे कालचे औषध आज अपुरे. तज्ज्ञांची फौज पगार देऊन रोज राबवावी लागते आणि त्यांनी केलेला उतारा दर काही तासांनी प्रत्येक संगणकाकडे पाठवावा लागतो. खर्च थांबत नाही. मग अशी खर्चिक वस्तू फुकट वाटणे परवडते कसे?

एक भाकरी आणि एक प्रत

उत्तराची पहिली पायरी आपल्या पाठ्यपुस्तकात आहे. स्थिर खर्च आणि सीमांत खर्च हा भेद आपण परीक्षेपुरता पाठ करतो. आईने दहा भाकरी केल्या आणि अकरावा पाहुणा आला, तर आणखी पीठ, आणखी जळण, आणखी कष्ट लागतात. हा अकराव्या भाकरीचा सीमांत खर्च. भाकरी फुकट वाटायची तर दर माणशी खर्च वाढतच जातो.

आज्ञावलीचे उलट आहे. पहिली प्रत तयार करायला कोट्यवधी रुपये लागतात. दुसरी प्रत काढायला जवळपास काहीच लागत नाही. लाखावी प्रतही तितक्याच खर्चात निघते. त्यामुळे न देणाऱ्याला एक प्रत दिली म्हणून कंपनीचे फारसे काही जात नाही. मात्र ‘फारसे जात नाही’ म्हणजे ‘फायदा होतो’ असे नव्हे. फायदा कोठून होतो ते आता पाहू.

देणाऱ्याचे हात

पहिले कारण सवयीचे. चहा हे आपल्याला आपले पिढीजात पेय वाटते. परंतु १९३० च्या दशकात चहाच्या प्रसारासाठी भारतात गावोगावी फुकट चहाचे कप वाटले गेले. आज पाहुण्याला चहा विचारला नाही तर अपमान होतो! अलीकडचे उदाहरण आपण सर्वांनी अनुभवले आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये ‘जिओ’ने फुकट इंटरनेट सुरू केले आणि एप्रिल २०१७ पासून पैसे घेण्यास प्रारंभ केला. तोवर सवय लागली होती. अँटिव्हायरसचेही तसेच आहे. आज विद्यार्थी म्हणून जो फुकटची आवृत्ती वापरतो, तो उद्या कचेरीत बसला की तेच परिचित नाव मागतो.

दुसरे कारण असे की, सगळ्यांनी पैसे देण्याची गरजच नसते. ‘अव्हास्ट’ने २००१ च्या सुमारास घरगुती ग्राहकांसाठी आपली वस्तू फुकट केली. पुढे २०१८ साली ती कंपनी लंडनच्या बाजारात उतरली, तेव्हा चाळीस कोटींहून अधिक लोक आपली उत्पादने वापरतात असे ती सांगत होती. त्यांत पैसे देणारे अगदी मोजके होते. पण चाळीस कोटींतले मोजके म्हणजेसुद्धा केवढे! शिवाय जाहिरातीवर अमाप पैसा ओतून जे नाव होत नाही ते तोंडोतोंडी आपोआप होते. कुंथलगिरीच्या पेढ्याच्या दुकानात चवीपुरता तुकडा हातावर ठेवतात. चव घेणारे सगळेच अर्धा किलो घेत नाहीत, तरी दुकान चालते. फरक एवढाच की तेथे प्रत्येक तुकड्याला खवा लागतो.

तिसरे कारण घर आणि दुकान यांतील भेदाचे. मॅकॅफी यांनी सुरुवातीपासूनच ही युक्ती वापरली. घरी वापरणाऱ्यांना त्यांची आज्ञावली मुक्तपणे उतरवून घेता येई. मोठ्या कंपन्यांकडून मात्र परवान्याचे पैसे घेतले जात. कर्मचारी घरी ती वापरत, चांगली आहे म्हणून कचेरीत नेत, आणि मग कंपनीला परवाना घेणे भाग पडे. अर्थशास्त्रात याला मूल्यभेद म्हणतात. ज्याची देण्याची ऐपत आणि गरज अधिक, त्याच्याकडून अधिक घ्यावे, आणि ज्याच्याकडून काही मिळणार नाही त्याला निदान प्रचारक करावे.

हे वाचले तेव्हा मी दादाच्या संगणकावरचा तो करार प्रथमच उघडून पाहिला. ‘मान्य’ हे बटन आपण सारेच डोळे मिटून दाबतो. त्यात स्पष्ट लिहिले होते की, ही आवृत्ती फक्त वैयक्तिक व बिगरव्यापारी वापरासाठी आहे. अशा अनेक फुकट आवृत्त्यांची हीच अट असते. दादाचे केंद्र तर व्यापारी. म्हणजे ज्याला आम्ही ‘फुकट’ समजत होतो ते आमच्यासाठी फुकट नव्हतेच!

चौथे कारण मला सर्वांत बुद्धीचे वाटले. नवा विषाणू कोठे उगवेल हे कोणालाच ठाऊक नसते. ज्या कंपनीची आज्ञावली कोट्यवधी संगणकांवर बसलेली आहे, तिला जणू कोट्यवधी राखणदार मिळतात. लोहाऱ्यातील एका संगणकावर नवा संशयास्पद नमुना दिसला की त्याची खबर मुख्यालयात जाते. उतारा तयार होतो आणि तो पैसे देणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकांनाही पोचतो. म्हणजे फुकट घेणारा नुसता घेत नाही. तो नकळत रानात उभा राहून पहारा देतो. पोलिओचा डोस सर्वांना फुकट का देतात, हे समजले की हेही समजते: शेजाऱ्याला रोग नसेल तर आपणही सुरक्षित.

पाचवे कारण जोडीने येणाऱ्या मालाचे. फुकटचा अँटिव्हायरस बसवताना मध्येच एक खूण केलेली चौकट येते आणि सोबत एखादा ब्राउझर किंवा शोधपट्टी बसून जाते. ‘क्रोम’ हा गूगलचा ब्राउझर अशा रीतीने कित्येक संगणकांवर पोचला. पोचवणाऱ्याला त्याचे पैसे मिळतात.

सहावे कारण भीतीचे. मार्च १९९२ मध्ये ‘मायकेलअँजेलो’ नावाच्या विषाणूची जगभर हाकाटी झाली. सहा मार्चला लाखो संगणक बंद पडणार असे भाकीत होते. प्रत्यक्षात काही हजारांच्या आसपासच नुकसान झाले. परंतु अँटिव्हायरसची विक्री मात्र धडाक्याने झाली. दादाच्या पडद्यावरची ती चौकट याच कुळातली. ‘तुमच्या संगणकात तेवीस दोष’ असे ती म्हणे. उघडून पाहिले तर त्यांतले बहुतेक म्हणजे न पुसलेल्या तात्पुरत्या नोंदी वगैरे. खोटे असे काही नाही, पण घाबरवण्याइतके मोठ्या अक्षरांत! याचा उलटा परिणाम असा झाला की दादा त्या चौकटीला इतका सरावला की खऱ्या संकटाच्या दिवशी खऱ्या सूचनेकडे बघायचे कसे, हे त्याला उमगेना.

जेव्हा गिऱ्हाईकच माल होते

इथवर सांगितलेले सर्व व्यवहार एका अर्थी उघडे आहेत. परंतु या कथेत एक काळे पानही आहे आणि ते वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल.

‘अव्हास्ट’ची ‘जम्पशॉट’ नावाची एक उपकंपनी होती. अँटिव्हायरस वापरणारी माणसे इंटरनेटवर कोठे जातात, काय शोधतात, काय पाहतात, ही माहिती गोळा करून ती इतर कंपन्यांना विकीत असे. जानेवारी २०२० मध्ये पत्रकारांनी हे उजेडात आणले आणि ‘जम्पशॉट’ बंद करावी लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने कंपनीला एक कोटी पासष्ट लाख डॉलर भरण्यास सांगितले आणि अशा माहितीची जाहिरातीसाठी विक्री करण्यास मनाई केली. वाड्याच्या राखणदारानेच कोण कधी येतो-जातो याची वही शेजाऱ्याला विकावी, तसा हा प्रकार.

ज्या संगणकावर गावाचे आधार क्रमांक, सातबारा आणि बँकेची पासबुके उतरवून ठेवलेली असतात, त्याच्या राखणदाराचा पगार कोण देतो, हा प्रश्न म्हणूनच नुसत्या कुतूहलाचा राहत नाही.

बाजार बदलला तो असा

काही वेळा कंपनी फुकट देते ती उदारपणे नव्हे, तर शेजारचा फुकट देतो म्हणून. ‘मायक्रोसॉफ्ट’ने २००६ साली ‘वनकेअर’ ही सशुल्क संरक्षणसेवा काढली होती. ती बंद करून सप्टेंबर २००९ मध्ये त्यांनी फुकट अँटिव्हायरस दिला आणि २०१२ मध्ये विंडोज ८ आले तेव्हा तो त्यात बसवूनच दिला. मायक्रोसॉफ्टचे गणित वेगळे होते. तिचा खरा माल विंडोज. विंडोज बदनाम झाले तर तिचे नुकसान. ज्याचे घर त्यानेच कडी बसवून दिली की कडी विकणाऱ्याची पंचाईत होते. मग अँटिव्हायरस कंपन्यांनी नुसत्या विषाणूच्या औषधावर पैसे मागणे अवघड झाले. म्हणून त्या पासवर्ड सांभाळणे, मुलांवर लक्ष ठेवणे, बँकेचे व्यवहार सुरक्षित करणे अशा जोडवस्तू विकू लागल्या. मूळ वस्तू फुकट, मसाला विकत, असा हा मामला. स्पर्धेमुळे कंपन्याही एकमेकींत मिसळल्या. २०१६ साली ‘अव्हास्ट’ने ‘एव्हीजी’ घेतली, आणि २०२२ मध्ये ‘नॉर्टन’ची कंपनी व ‘अव्हास्ट’ एक झाल्या. फुकट आणि विकत अशी दोन्ही नावे आज एकाच छपराखाली नांदतात.

आपल्या ‘क्विक हील’ने बरीचशी वेगळी वाट धरली. तिचा भर ठरावीक दिवस फुकट वापरून पाहण्याची संधी आणि नंतर पैसे, यावर राहिला. गावोगावच्या संगणक दुरुस्ती करणाऱ्यांमार्फत तिने आपले डबे विकले. विकणाराच गिऱ्हाइकाच्या ओळखीचा, त्यामुळे अडचण आली तर त्याच्याकडे जाता येई. फुकट वस्तूबरोबर सहसा न येणारी गोष्ट हीच: अडल्यावर धरायला एक माणूस. तरीही फुकटाला याही कंपनीने पूर्ण पाठ फिरवलेली नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले, तेव्हा नागरिकांना तेथून फुकट देण्याचे सफाईचे साधन ‘क्विक हील’नेही पुरवले. त्यात लोकसेवाही झाली आणि नावही झाले.

उत्तर दुकानातच होते

हे सर्व मी दादाला सांगितले तेव्हा त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “म्हणजे आपल्या विम्यासारखंच की!”

मी चमकले. खरेच तसे होते. एक रुपयाच्या विम्यात शेतकरी देत होता एक रुपया. त्याच्या वाट्याचा उरलेला हप्ता राज्य शासन भरत होते. दादाला प्रत्येक अर्जामागे चाळीस रुपये मिळत, ते विमा कंपनीकडून. रांगेतल्या माणसाला वाटे की हे जवळपास फुकट आहे, पण पैसे वाहतच होते, फक्त त्याच्या खिशातून दिसत नव्हते. आणि देणाऱ्याने हात आखडला की फुकटपणा संपतो, हेही आपण पाहिले. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली आणि शेतकऱ्याला पुन्हा आपला हिस्सा भरावा लागला. वर्षानुवर्षे दादाचे पोट ज्या व्यवहारावर चालले, त्याच व्यवहाराबद्दल तो मला विचारीत होता, ‘मग खातेत काय?’

तेव्हा फुकट वस्तू घेऊ नये, असा या लेखाचा निष्कर्ष नाही. घरी अभ्यासापुरता संगणक वापरणाऱ्या विद्यार्थ्याला विंडोजबरोबर आलेला अँटिव्हायरस, वेळच्या वेळी घेतलेल्या दुरुस्त्या आणि थोडी सावधगिरी एवढे बहुधा पुरते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभर संगणक कुलूपबंद केले. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच फुकट दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती त्यांची दारे उघडी होती. दादाच्या संगणकावर तर विंडोज ७ होते. त्याच्या दुरुस्त्या जानेवारी २०२० मध्येच थांबल्या होत्या. मोडक्या दाराला भारी कुलूप लावण्याची आमची धडपड होती.

मात्र फुकट घेताना तीन गोष्टी विचाराव्यात. हे माझ्यासाठी फुकट आहे की फक्त घरगुती वापरासाठी? पैसे मी देत नसेन तर कोण देतो आणि कशाबद्दल? आणि जे माझे नाही, लोकांनी विश्वासाने माझ्या हाती दिलेले आहे, ते मी कोणाच्या पहाऱ्यात ठेवतो आहे? आणि ‘क्रॅक’ केलेली वस्तू तर फुकटही नव्हे आणि विकतही नव्हे. फुकट देणाऱ्या कंपनीला निदान आपले नाव जपायचे असते. कुलूप तोडून देणाऱ्याला नावच नसते. मग तो काय मिळवतो, याचे उत्तर आमच्या पडद्यावर डॉलरमध्ये लिहून आले.

दादाने आता नवा संगणक घेतला आहे. त्यावर पावतीसह घेतलेला अँटिव्हायरस आहे. दर संध्याकाळी तो सर्व कागदपत्रांची एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर काढतो, ती सोडवून कपाटात ठेवतो आणि काम झाले की लोकांचे आधार व पासबुक संगणकावरून पुसून टाकतो. शेवटची ही गोष्ट कोणत्याच कंपनीने शिकवली नाही, ती आत्यांमुळे शिकलो.

आत्या अजून त्याच्याकडेच अर्ज भरायला येतात. पहिल्या वेळी दादाने मान खाली घालूनच त्यांचे कागद घेतले. त्या बाकड्यावर बसल्या, पदराने चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “बाबा, ह्या खेपेला पैसं लागले तर घे, पण कागद नीट ठेव.”